नागपूर आणि फ्रान्सेलियन फादर: संघाच्या इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदरचे कॅथेड्रल, एसएफएस (सेंट फ्रान्सिस द सेल्स) शाळा, सेमिनरी हिल्स, कामठीचे जुने चर्च: नागपूरकरांच्या रोजच्या बोलण्यातली ही नावे फ्रान्सेलियन या कॅथलिक धर्मसंघाच्या इतिहासाशी जोडलेली आहेत. शाळेचे माजी विद्यार्थी, घराण्याची मुळे शोधणारी कुटुंबे आणि शहराच्या इतिहासाचे अभ्यासक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वाचताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: संत, संघ आणि धर्मप्रांत. संत, म्हणजे फ्रान्सिस द सेल्स, सोळाव्या-सतराव्या शतकातले, संघ एकोणिसाव्या शतकातला, आणि धर्मप्रांत ही बिशपच्या अखत्यारीतली प्रशासकीय व्यवस्था. या विषयावरच्या बहुतेक चुका या तिघांची सरमिसळ केल्यामुळे होतात.

फ्रान्सेलियन म्हणजे नेमके कोण?

संघाचे पूर्ण नाव ‘मिशनरीज ऑफ सेंट फ्रान्सिस द सेल्स’. फादरांच्या नावापुढे येणारी एमएसएफएस ही अक्षरे त्याचाच संक्षेप. ‘फ्रान्सेलियन’ हे बोलीतले सुटसुटीत नाव आहे. संघाचे सदस्य दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात आणि एकत्र राहतात. त्यांची कमाई संघाची असते, स्वतःची नव्हे. प्रांताचा प्रमुख प्रोव्हिन्शियल, सगळ्या संघाचा प्रमुख सुपीरियर जनरल, आणि मुख्यालय रोममध्ये.

बोलताना आपण सरसकट ‘ऑर्डर’ म्हणतो. चर्चच्या जुन्या कायद्यानुसार ऑर्डर म्हणजे फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट यांच्यासारखे जुने संघ. फ्रान्सेलियन मोडतात ‘काँग्रिगेशन’ या गटात. रोजच्या व्यवहारात याने काही अडत नाही, पण दप्तरखान्यात कागद मागताना योग्य शब्द वापरला तर योग्य कपाट उघडते.

संत फ्रान्सिस द सेल्स यांनीच हा संघ काढला ना?

नाही. फ्रान्सिस द सेल्स यांचा जन्म १५६७ चा, सव्हॉय प्रदेशातल्या थोरेन्सचा. ते १६०२ मध्ये जिनिव्हाचे बिशप झाले. जिनिव्हा तोवर कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंटांच्या हाती गेले होते, त्यामुळे त्यांचा मुक्काम आणि कारभार आनसी गावातून चाले. १६१० मध्ये जेन फ्रान्सिस द शांताल यांच्याबरोबर त्यांनी व्हिजिटेशन हा सिस्टरांचा संघ स्थापन केला. १६२२ मध्ये लियों इथे त्यांचे निधन झाले आणि १६६५ मध्ये त्यांना संतपद मिळाले. फ्रान्सेलियन संघ जन्माला आला तो त्यांच्या मृत्यूनंतर दोनशे वर्षे उलटून गेल्यावर.

मग नाव त्यांचे का? कारण त्यांची पद्धत. १५९४ पासून शाब्ले भागात ते पायी फिरले. लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा त्यांनी आपले म्हणणे कागदावर उतरवले आणि ते कागद घराघरांच्या दाराखालून आत सरकवले. याच कामामुळे १९२३ मध्ये त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर करण्यात आले. समोरच्यावर न ओरडता, सौम्यपणे त्याच्या मनापर्यंत पोचायचे हा त्यांचा बाणा, आणि संघाने घेतला तो हाच.

तारखेची एक अडचण लक्षात असू द्या. त्यांचा सण आज २४ जानेवारीला असतो. १९६९ च्या दिनदर्शिका-बदलापूर्वी तो २९ जानेवारीला होता. जुन्या शालेय कागदपत्रांत सणाची तारीख २९ दिसली, तर ती लेखनिकाची चूक समजून दुरुस्त करू नका.

संघाची स्थापना कोणी केली, आणि कशासाठी?

पिएर-मारी मेर्मिए यांनी. जन्म २८ ऑगस्ट १७९०, सव्हॉयमध्येच. ते दोन वर्षांचे असताना फ्रेंच क्रांतीच्या फौजा सव्हॉयमध्ये शिरल्या. चर्चची मालमत्ता जप्त झाली, फादर परागंदा झाले, आणि गावेच्या गावे धर्मशिक्षणाला मुकली. १८१५ नंतर सत्ता पालटली, तरी एका पिढीची पोकळी शिल्लक राहिली. जे फादर उरले होते त्यांच्यातले अनेक जण कडक शिस्तीचे. पापाची कबुली ऐकली तरी क्षमा द्यायला महिनोन्महिने लावायचे, कम्युनियनपासून (उपासनेतल्या पवित्र भाकरीपासून) लोकांना दूर ठेवायचे. माणसे चर्चच्या दारातूनच परत जात.

मेर्मिए आणि त्यांचे सहकारी जोसेफ-मारी फाव्र यांनी यावर उपाय काढला तो ‘पॅरिश मिशन’चा. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. १८२१ च्या सुमारास सुरुवात झाली. फादरांची तुकडी एका गावात जाऊन साधारण तीन-चार आठवडे राहायची. पहाटे आणि संध्याकाळी प्रवचन, दिवसा मुलांना आणि मोठ्यांना धर्मशिक्षण, आणि मधल्या वेळात तासन्‌तास कबुली ऐकणे. इतका मुक्काम का? एका रविवारच्या प्रवचनाने माणूस हलतो, बदलत नाही. जुने तंटे मिटवायला आणि आयुष्यभराची कबुली शांतपणे ऐकायला आठवडे जातात. तुकडी लहान असली तर कबुलीसाठीची रांग संपायची नाही आणि लोक कंटाळून निघून जायचे. हे काम एकट्यादुकट्या फादरच्या आवाक्यातले नाही, त्याला कायमची बांधलेली मंडळी हवीत, हा मेर्मिए यांचा निष्कर्ष. संघाचे बीज त्यात आहे.

आनसीचे बिशप पिएर-जोसेफ रे यांनी २४ ऑक्टोबर १८३८ रोजी संघाला मान्यता दिली. १८४३ मध्ये रोमची पहिली मान्यता आली. मेर्मिए ३० सप्टेंबर १८६२ रोजी वारले. ते स्वतः भारतात कधीच आले नाहीत. नागपुरात त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नसते, हे आम्हाला खटकते.

हे फादर फ्रेंच होते ना?

उत्तर तारखेवर अवलंबून आहे. सव्हॉय १८६० पर्यंत सार्डिनियाच्या राज्यात होते, त्या राज्याची राजधानी तुरीन. १८६० मध्ये तो प्रदेश फ्रान्सला देण्यात आला. म्हणजे १८४५ मध्ये भारताकडे निघालेले पहिले फादर भाषेने फ्रेंच, पण प्रजा सार्डिनियाच्या राजाची. कंपनी सरकारच्या कागदांत कुठे ‘इटालियन’, कुठे ‘सव्हॉयार्ड’ असा उल्लेख सापडला तर गोंधळू नका, माणूस तोच असू शकतो. १८६० नंतर आलेल्यांना फ्रेंच म्हणायला हरकत नाही.

मग ते नागपूरला कसे पोचले?

विशाखापट्टणमवरून. १८४५ मध्ये रोमने संघाकडे विशाखापट्टणमचे मिशन सोपवले. चार फादर आणि दोन ब्रदर अशी पहिली तुकडी निघाली, प्रमुख होते फादर जाक मार्तां. १८४६ च्या सुरुवातीला ते विशाखापट्टणमला पोचले. मिशनचा मुलूख अवाढव्य होता: पूर्व किनाऱ्यापासून आत थेट नागपूरकरांच्या राज्यापर्यंत आणि त्याही पलीकडे. तेव्हा नागपुरात तिसरे रघुजी भोसले गादीवर होते. डिसेंबर १८५३ मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले.

आजच्या रस्त्याने विशाखापट्टणम ते नागपूर अंतर सातशे किलोमीटरच्या पुढे भरते. तेव्हा हा प्रवास बैलगाडीचा, जंगलातला, आणि पावसाळ्यात बंद पडणारा. हिवतापाचा धोका वेगळाच. मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरला लागली १८६७ मध्ये. त्यामुळे १८६७ च्या आधीच्या आणि नंतरच्या नागपूर मिशनचे हिशेब वेगळे करावे लागतात. आधी पत्राच्या उत्तरालाच काही आठवडे जायचे, म्हणून स्थानिक फादरला बरेचसे निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावे लागत. नंतर मुंबईचे बंदर जवळ आले आणि विशाखापट्टणमवरचे अवलंबित्व ओसरू लागले. नागपूरचा वेगळा धर्मप्रांत होण्यामागे रेल्वेचा वाटा मोठा आहे, असे आमचे मत आहे.

नागपूरच्या आधी कामठीचे नाव का येते?

छावणीमुळे. सीताबर्डीची लढाई झाली नोव्हेंबर १८१७ मध्ये, आणि कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसली १८२१ मध्ये. तिथली फौज मद्रास लष्कराची. गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथलिक शिपाई होते. देशी पलटणींबरोबर तमिळ ख्रिस्ती शिपाई, त्यांची कुटुंबे, आचारी, साईस आणि दुकानदार आले. म्हणजे फादर येण्याच्या आधीच कॅथलिक माणसे कामठीत होती, आणि त्यातली बरीच तमिळ बोलणारी. सुरुवातीच्या फादरांना इंग्रजी आणि तमिळ या भाषांची गरज आधी पडली, मराठीची नंतर. कामठीतल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांत आजही तमिळ नावे आढळतात, त्याचे मूळ इथे आहे.

हिस्लॉप कॉलेज यांचेच का?

नाही. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. तेही १८४५ मध्येच नागपूरला आले. शिक्षक, भूगर्भशास्त्राचे अभ्यासक, आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुरात बुडून गेलेला माणूस. त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ चे. बिशप कॉटन शाळा अँग्लिकन परंपरेतली. ‘मिशन’ हा शब्द शहरात सगळ्यांना सरसकट लावतात, त्यामुळे जुन्या वर्तमानपत्रांत ‘मिशनची शाळा’ असे वाचले तर आधी पंथ तपासा.

डॉन बॉस्कोवाले फादर आणि हे एकच आहेत का?

दोघांचे संत एक, संघ निराळे. डॉन बॉस्को यांनी १८५९ मध्ये तुरीनला संघ सुरू केला आणि त्यालाही फ्रान्सिस द सेल्स यांचेच नाव दिले. ते ‘सेलेशियन’, त्यांची अक्षरे एसडीबी. तुरीन आणि आनसी तेव्हा एकाच राज्यात होते, म्हणून एकाच संताची ओढ दोन्हीकडे दिसते. तिसरा एक संघ फ्रान्समधल्या त्र्वा इथला, ओब्लेट्स, अक्षरे ओएसएफएस. नावापुढची अक्षरे वाचली की घोटाळा होत नाही.

नागपूर धर्मप्रांत कधी झाला? संघाचे त्यावर किती काळ नियंत्रण होते?

११ जुलै १८८७ रोजी विशाखापट्टणमपासून वेगळा काढून नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. पहिले बिशप आलेक्सी रिकाझ. त्यांच्यानंतर पेल्वा, क्रोशे, बोनाव्हांत्युर, कोपेल (१९०७ ते १९३३, सर्वांत दीर्घ कारकीर्द) आणि गाये (१९३४ ते १९५०). मग १९५१ मध्ये युजीन डिसूझा हे पहिले भारतीय बिशप आले. १९ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर महाधर्मप्रांत झाला आणि ते पहिले आर्चबिशप ठरले. १९६३ मध्ये ते भोपाळला गेले. इथवरचे सातही जण फ्रान्सेलियन, म्हणजे सलग पाऊणशे वर्षे. १९६४ मध्ये लेनर्ड रेमंड आले आणि ही साखळी संपली.

याला काही जण संघाची पीछेहाट म्हणतात. हे आम्हाला मुळीच पटत नाही. मिशन चालवणाऱ्या संघाचे काम असते ते स्थानिक चर्च उभे करायचे, स्थानिक फादर तयार करायचे आणि मग किल्ल्या सुपूर्द करायच्या. नागपुरात नेमके हेच घडले. नागपूर हे त्या संघाच्या यशस्वी कामांपैकी एक आहे.

मुलूखही टप्प्याटप्प्याने वाटला गेला. सुरुवातीला त्यात मध्य प्रांताचा मोठा भाग, वऱ्हाड आणि निजामाच्या राज्यातला औरंगाबादकडचा पट्टा होता. १९३२ मध्ये जबलपूर वेगळे काढून नॉर्बर्टाइन या दुसऱ्या संघाच्या डच फादरांकडे दिले. १९५५ मध्ये अमरावती धर्मप्रांत झाला, आणि १९७७ मध्ये अमरावतीतून औरंगाबाद. चंद्रपूरकडचा भाग सिरो-मलबार या केरळी कॅथलिक परंपरेकडे गेला, तिथली एपार्की (त्या परंपरेतला धर्मप्रांत) १९७७ ची. वंशावळ शोधणाऱ्यांनी ही वर्षे जवळ लिहून ठेवावीत. कारण गाव तेच राहते, दप्तर मात्र दुसऱ्या बिशपकडे जाते.

शाळेचे नाव एसएफएस आहे, म्हणजे ती फ्रान्सेलियन संघच चालवतो का?

नावावरून चालक ठरवू नका. सदरची एसएफएस शाळा १८७० ची, सेमिनरी हिल्सचे एसएफएस कॉलेज १९५६ चे. ‘एसएफएस’ हा संताच्या नावाचा संक्षेप आहे, तो संघही वापरतो आणि धर्मप्रांतही. धर्मप्रांताच्या कॅथेड्रललाही याच संताचे नाव आहे. एखादी संस्था कुणाच्या ताब्यात आहे हे जाणायचे तर संस्थेच्या कागदावर नोंदणीकृत न्यासाचे नाव बघा. मुख्याध्यापक फादरच्या नावापुढची अक्षरे हा पुरावा कच्चा असतो, कारण धर्मप्रांताच्या शाळेत संघाचा फादर करारावर काम करत असू शकतो.

सिस्टरांचा याच संघाशी संबंध आहे का?

सिस्टरांचे संघ स्वतंत्र असतात, फादरांचे महिला विभाग नसतात. एक नाते मात्र थेट आहे. १८३८ मध्येच मेर्मिए यांनी क्लोदीन एशर्निए यांच्याबरोबर शावानोच्या होली क्रॉस सिस्टरांचा संघ उभारला. या सिस्टर १८८६ मध्ये अमरावतीला आल्या. विदर्भातल्या होली क्रॉस कॉन्व्हेंटची परंपरा तिथून सुरू होते.

मराठी बोलणाऱ्या खेड्यांत संघाचे काम होते का?

होते, आणि त्याबद्दल फार कमी लिहिले गेले आहे. १८९० च्या दशकापासून नागपूर धर्मप्रांताच्या फादरांनी वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावच्या परिसरात काम उभे केले. तिथे राबलेले फादर गुरिएन जाकिए यांना लोक ‘जाकिए बाबा’ म्हणून ओळखतात. छावणीतले कॅथलिक आणि घोगरगावचे कॅथलिक यांची जडणघडण अगदी निराळी. पहिले पलटणींबरोबर बाहेरून आलेले, दुसरे याच मातीतले, गावकुसाबाहेर ठेवलेले शेतमजूर. मराठी भजने आणि मराठी प्रार्थना या मंडळींच्या तोंडी बसल्या. मराठी कॅथलिकांचा इतिहास म्हणजे वसई आणि मुंबई असे धरणाऱ्यांनी मराठवाड्याचा हा पट्टा जरूर अभ्यासावा.

संघाचा फादर व्हायला किती वर्षे लागतात?

बारावीनंतर साधारण दहा ते तेरा. आधी एक-दोन वर्षे ओळखीची आणि भाषेची. मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांपूर्वीचे पूर्ण वर्ष. चर्चच्या कायद्यानुसार ते किमान बारा महिन्यांचे आणि नेमलेल्या घरातच राहून करायचे. उमेदवाराचे वय सतरा पूर्ण हवे. इथे एक कडक नियम आहे: या काळात एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली, सलग असो की तुकड्या-तुकड्यांनी, तर ते नोव्हिशिएट रद्दच ठरते. पंधरा दिवसांपेक्षा जास्त रजा झाली तर ते दिवस भरून काढावे लागतात. घरात आजारपण निघाले की काही जणांचे वर्ष इथेच वाया जाते.

त्यानंतर तात्पुरती व्रते, किमान तीन वर्षांसाठी. तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास. मध्ये एखाददोन वर्षे प्रत्यक्ष काम, शाळेत किंवा वसतिगृहात. कायमची व्रते एकविसाव्या वर्षानंतरच. ती घेतल्यावर डीकनची, म्हणजे फादरच्या आधीच्या पायरीची, दीक्षा. डीकन झाल्यापासून किमान सहा महिने गेल्याशिवाय आणि पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय फादरची दीक्षा होत नाही.

ब्रदर म्हणजे अर्धवट शिकलेला फादर का?

अजिबात नाही. ब्रदर तीच तीन व्रते घेतो, फक्त पौरोहित्याची दीक्षा घेत नाही. पहिल्या तुकडीतच दोन ब्रदर होते. सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयात, शिकणाऱ्या तरुणांनाही ‘ब्रदर’ म्हणतात, गैरसमज त्यातून होतो.

आमच्या पणजोबांची बाप्तिस्म्याची नोंद नागपूर-कामठीत कशी शोधायची?

नोंदवही पॅरिशची असते आणि ती पॅरिशच्या फादरच्या ताब्यात असते. म्हणून पहिला प्रश्न असतो गाव नव्हे, पॅरिश कोणती. पुढील गोष्टी एका कागदावर लिहून न्या: नाव, आईवडिलांची नावे, अंदाजे जन्मवर्ष, वडिलांचा धंदा किंवा पलटण, आणि लग्न कुठे झाले. वर्ष नक्की ठाऊक नसेल तर अंदाजाच्या मागेपुढे तीन-तीन वर्षे शोधण्याची विनंती करा. शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेवर भिस्त ठेवू नका. ती शाळेत घालताना सांगितलेली असते आणि बऱ्याचदा जूनमधली निघते. रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे सामूहिक उपासनेनंतर, फादरला गाठून चालत नाही. आधी पत्र द्या, मग कार्यालयाच्या वेळेत जा. वही हाताळायला मिळाली तर हात कोरडे ठेवा, पान वरच्या कोपऱ्यातून उलटा आणि फ्लॅशविना फोटो घ्या. लोखंडी शाईने लिहिलेली पाने ठिसूळ झालेली असतात, दुमडली की तुकडा पडतो.

समास नक्की वाचा. लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करण्याचा नियम १९०८ च्या ईस्टरपासून लागू झाला. त्यामुळे त्यानंतर लग्न झालेल्या माणसाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात जोडीदाराचे नाव, लग्नाचे गाव आणि तारीख मिळू शकते. कन्फर्मेशन (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा दृढ करण्याचा संस्कार), दीक्षा आणि संघातली कायमची व्रते यांच्या नोंदीही तिथेच असतात. एका ओळीच्या समासात सगळे आयुष्य मांडलेले असते, आणि घाईत लोक मधली ओळ तेवढी उतरवून परत जातात.

पॅरिशमध्ये वही मिळाली नाही तर पुढचा टप्पा कामठी रोडवरचे आर्चबिशप हाउस. लग्नाच्या बाबतीत आणखी एक वाट आहे: १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने कॅथलिक लग्नांच्या याद्याही दर तिमाहीला सरकारी निबंधकाकडे पाठवायच्या असत. म्हणजे चर्चची वही वाळवीने खाल्ली तरी लग्नाचा दुसरा कागद असण्याची शक्यता उरते.

नोंद लॅटिनमध्ये आहे. ती वाचायची कशी?

वाक्यरचना ठरलेली असते, म्हणून चार-पाच नोंदी नीट लावल्या की बाकीच्या वाचता येतात. आधी तारीख, मग ‘एगो... बाप्तिझावी’ म्हणजे ‘मी बाप्तिस्मा दिला’, मग मुलाचे नाव, ‘फिलिउम’ (मुलगा) किंवा ‘फिलियाम’ (मुलगी), आईवडील, आणि शेवटी ‘पात्रिनी’ म्हणजे धर्मपालक. खाली फादरची सही.

जास्तीत जास्त चुका महिन्यांत होतात. ‘७ब्रिस’ म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. ‘८ब्रिस’ ऑक्टोबर, ‘९ब्रिस’ नोव्हेंबर, आणि ‘१०ब्रिस’ किंवा रोमन दहाचे चिन्ह म्हणजे डिसेंबर. लॅटिन सातव्या-आठव्या महिन्याची मोजणी मार्चपासून होते. ही एक गोष्ट चुकली की जन्मतारीख दोन महिन्यांनी सरकते आणि पुढचे सगळे कागद जुळेनासे होतात.

दुसरी चूक नावांची. लॅटिनमध्ये नाव विभक्तीप्रमाणे बदलते. ‘फिलिउम जाकोबी’ म्हणजे जाकोबुसचा मुलगा, आणि इंग्रजी कागदावर तोच जेम्स. ‘अँटोनिइ’ म्हणजे अँटनीचा. ‘जाकोबी’ हे आडनाव धरून बसलात की शोध तिथेच खुंटतो. ‘गुइलिएल्मुस’ म्हणजे विल्यम, ‘कारोलुस’ म्हणजे चार्ल्स, ‘लुदोविकुस’ म्हणजे लुई.

तिसरी अडचण फ्रेंच हस्ताक्षराची. फ्रेंच माणूस एकचा आकडा लांब शेंडी काढून लिहितो, तो आपल्याला सात वाटतो. त्याच्या सातला पोटात आडवी रेघ असते. रेघ नसेल तर तो एक समजा. शिवाय ‘उ’ उच्चारासाठी फ्रेंचमध्ये दोन स्वर लागतात, त्यामुळे मुत्तू, अरुल अशी तमिळ नावे आणि खुद्द नागपूरसुद्धा वेगळ्याच स्पेलिंगमध्ये भेटते. नाव मोठ्याने फ्रेंच धाटणीत वाचून पाहा, लगेच ओळखू येते.

‘इन आर्तिकुलो मॉर्तिस’ असे लिहिले असेल तर बाप्तिस्मा मरणाच्या दारात दिलेला आहे. अशा वेळी मृत्यूची वही त्याच आठवड्यापासून बघा. ‘पारेंतेस इग्नोती’ म्हणजे आईवडील अज्ञात. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळातल्या पानांत अशा नोंदी लागल्या तर त्या अनाथाश्रमातल्या मुलांच्या असण्याची शक्यता धरावी.

१८४६ च्या आधीची किंवा पलटणीतल्या माणसाची नोंद कुठे?

फ्रान्सेलियन येण्याआधी हा भाग मद्रासच्या कॅथलिक मिशनखाली होता, म्हणून शोध चेन्नईकडे वळतो. कंपनी आणि सरकारच्या प्रतींसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिस दप्तर पाहावे. तिथे चर्चच्या नोंदी इलाख्यांनुसार लावल्या आहेत. लोक कामठीला बंगाल किंवा मुंबई इलाख्यात शोधतात आणि रिकाम्या हाताने परततात. कामठीची फौज मद्रासची, तेव्हा मद्रासची मालिका आधी बघा.

फादरांच्या थडग्यांवरचा मजकूर उतरवताना काय सांभाळायचे?

‘नातुस’ म्हणजे जन्म, ‘ओबिइत’ म्हणजे निधन. ‘एतातिस सुए ३४’ याचा काटेकोर अर्थ वयाचे चौतिसावे वर्ष चालू होते असा, म्हणजे पूर्ण झालेली वर्षे तेहतीस. वजाबाकीत एक वर्षाचा फरक पडतो तो यामुळे. अक्षरे झिजली असतील तर सकाळी नऊच्या आत किंवा ऊन कलल्यावर जा. तिरप्या उन्हात खाचांची सावली पडते आणि भरदुपारी न दिसणारे अक्षर वाचता येते. ढगाळ दिवशी बाजूने विजेरी धरली तरी चालते. खडू, राख, पीठ घासू नका, तारेचा ब्रश आणि ॲसिड तर लांबच ठेवा. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो, तोही दगड पोपडे सोडत नसेल तरच. आधी पूर्ण दगडाचा, मग ओळीओळीचा फोटो घ्या, आणि मजकूर उतरवताना न लागलेल्या अक्षराच्या जागी अंदाज न भरता टिंब द्या.